विम्याचं कार्ड

गावाकडून कुणाचाही फोन आला की ख्यालीखुशाली झाल्यावर प्रश्न ठरलेला, ‘तिकडं दवाखाना सगळा फुकट असतो म्हणे?’ सुरुवातीला मी उत्साहाने समजावत बसायचे. हल्ली एवढंच म्हणते, ‘पैसे लागत नाहीत, पण रांग असते.’ त्यावर पलीकडून हमखास, ‘म्हणजे आपल्या सिव्हिलसारखंच की!’ वाद घालायला भरपूर जागा आहे. पण पाटणच्या मामांशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

मी ब्रिटनमधल्या दक्षिण वेल्समध्ये नर्स आहे. हा सगळा जुन्या कोळसा खाणींचा मुलूख. अरुंद खोरी, उतारावर एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांच्या लांबच लांब ओळी आणि डोंगरासारखे दिसणारे, पण डोंगर नसलेले, गवत उगवलेले खाणीच्या मातीचे ढीग. माझा वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा. पडून मांडीचं हाड मोडलेले, धाप लागलेले, पाय सुजलेले, कालचं आठवत नसलेले. आमच्याकडे भारतीय नर्सा पुष्कळ, त्यातल्या बहुतेक केरळच्या. नवीन आलेली एखादी मला बघून थेट मल्याळममध्येच सुरू होते. मी मुंबईची म्हटल्यावर तिचा चेहरा पडतो. तिला घरचं कुणीतरी हवं असतं, आणि मी निघते लालबागची.

इथवर यायचा रस्ता एजंटांच्या फलकावर छापलेल्या विमानाइतका सरळ नसतो. आधी इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस किंवा ओईटी. मी ओईटी दिली, कारण त्यात निबंध लिहावा लागत नाही. पेशंटची बदली करताना जे पत्र द्यायचं असतं, तेच लिहायचं असतं, आणि ते मी पेंगतसुद्धा लिहू शकते. मग इथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची संगणकावरची परीक्षा, ती भारतात बसूनच देता येते. मग मुलाखत, स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, व्हिसा. इथे पोचल्यावर ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. तोपर्यंत तुम्ही नर्स नसता. पोशाख वेगळा, पगार कमी, आणि औषध द्यायची परवानगी नाही. मुंबईत एका रात्री चाळीस पेशंट सांभाळलेल्या बाईने एखाद्या एकवीस वर्षांच्या पोरीला ‘ही पॅरासिटामॉल देऊ का?’ विचारायचं, हा अनुभव अंगाला चिकटलेली बरीच हवा काढून टाकतो.

ऑस्कीत दहा स्टेशनं असतात. काही ठिकाणी समोर पेशंटचं सोंग घेतलेला नट, काही ठिकाणी पलंगावर झोपवलेला रबरी बाहुला. त्या बाहुल्याला आपलं नाव सांगायचं. मनगटावरच्या पट्टीशी त्याचं नाव आणि जन्मतारीख ताडून बघायची. ॲलर्जी आहे का, दुखतंय का, पडदा ओढू का, हे सगळं त्याला विचारायचं. जे कराल ते तोंडाने बोलून दाखवायचं, नाहीतर ते केलंच नाही असं धरतात. सरावाच्या वेळी आमच्यातल्या एकीला एवढं हसू यायचं की तिला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागायचं. मलाही हे नाटक वाटायचं. आम्ही शिकलो ते परळच्या महापालिकेच्या रुग्णालयात. तिथे ‘आजी, कूस बदला’ एवढं म्हटलं की पडदा, परवानगी, ओळख सगळं त्यात आलं. इथे आजी नसते. इथे ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ असं आधी विचारायचं, आणि नव्वदीच्या बाईने पहिलं नाव सांगितलं की त्याच नावाने हाक मारायची. मला वर्षभर ते अवघड गेलं. माझ्या आजीच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारताना आवाज आपोआप खाली यायचा. त्यांना वाटायचं ही पोरगी लाजते.

पण खरं अवघड होतं ते वेगळंच. पदवीनंतर महापालिकेत कायमची जागा मिळेना, म्हणून मी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात काही वर्षं काम केलं. चकचकीत इमारत, नर्सेससाठी मेकअपचे नियम. तिथे ग्लोव्ह्जची जोडी, सिरिंज, कॅन्युला, कापसाचा गुंडाळा, जे वापराल ते पेशंटच्या नावावर चढवायचं. रात्रपाळीचा कितीतरी वेळ त्यातच जायचा. आणि डिस्चार्जचा दिवस! सकाळी राउंडला डॉक्टर ‘घरी जा’ म्हणून जायचे. मग फाइल बिलिंगला, बिलिंगमधून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्यांकडे, तिकडून एक शंका, तिचं उत्तर, पुन्हा एक शंका. संध्याकाळी पाचपर्यंत पेशंट कपडे करून, बूट घालून पलंगाच्या कडेला बसलेला, आणि नातेवाईक माझ्या टेबलासमोर उभे. त्यांना वाटायचं सिस्टरच्या हातात काहीतरी आहे. सिस्टरच्या हातात एक इंटरकॉम होता, आणि तोही पलीकडून कुणी उचलायचं नाही.

त्या काळातला एक प्रश्न मला अजून ऐकू येतो. महागड्या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना मुलगा किंवा सून हळूच जवळ यायची, ‘सिस्टर, आजचं हे इंजेक्शन नाही दिलं तर चालेल का?’ चालेल म्हणता येत नाही. चालणार नाही म्हणताना दिसत असतं की गळ्यातली माळ कालपर्यंत होती आणि आज नाही.

वेल्समध्ये हा प्रश्न मला कुणीही, कधीही विचारलेला नाही. सुरुवातीच्या महिन्यांत मी कपाटातून ड्रेसिंग काढताना दोनदा बघायची, कमी पैशांचं आहे का एखादं. कुणाच्या नावावर चढवायचं हे विचारल्यावर वॉर्डची सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली. वेल्समध्ये तर बाहेरून घ्यायच्या औषधाच्या चिठ्ठीलाही पैसे पडत नाहीत, २००७ पासून. इंग्लंडमध्ये पडतात.

हे इथे कसं घडलं, ते मला पुस्तकाआधी पेशंटांनीच सांगितलं. आमच्यापासून फार लांब नसलेलं ट्रेडेगर नावाचं गाव आहे. तिथल्या खाण आणि पोलाद कामगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक मेडिकल एड सोसायटी काढली. पगारातून पौंडामागे तीन पेनी कापून जायचे, आणि त्यातून गावाने स्वतःचे डॉक्टर, नर्स, दातांचे डॉक्टर ठेवले. त्या गावात १८९७ साली जन्मलेला अन्यूरिन बेव्हन नावाचा मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरला, पुढे त्या सोसायटीच्या रुग्णालय समितीत बसला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर देशाचा आरोग्यमंत्री झाला. ५ जुलै १९४८ ला त्याने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, आणि ती करताना आपण सगळ्या देशाचं ट्रेडेगर करतोय असंच तो म्हणाला. पण त्याने त्यात एक मोठा बदल केला होता, आणि माझ्या दृष्टीने सगळी गोम त्यातच आहे. ट्रेडेगरमध्ये वर्गणी होती. नव्या सेवेचा खर्च मुख्यतः करातून. वर्गणीदार नसलेल्यालाही तेच, नोकरी गेलेल्यालाही तेच. तीन वर्षांत सरकारने चष्मे आणि कवळ्यांना पैसे लावायचं ठरवलं, तेव्हा बेव्हनने राजीनामा दिला. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस. इथल्या म्हाताऱ्यांना हे सांगताना अजून हसू येतं आणि छातीही फुगते.

१९४८ हे साल माझ्या घरातही आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. गिरणगावात त्याला कुणी त्या नावाने ओळखत नसे. ‘विम्याचं कार्ड’, ‘विम्याचा दवाखाना’. आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याचा पेळू होतो तिथे. कपड्यावर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर पांढरं. सोमवारी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी व्हायची, आठवडा सरता सरता सैल पडायची, रविवारी बरं वाटायचं. या दुखण्याचं बिसिनोसिस हे नाव आणि सोमवारची ही खूण मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला पुस्तकात वाचली. तोवर आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

विम्याचं कार्ड होतं तोवर दवाखान्याला ददात नव्हती. आजी सांगायची, औषधाची बाटली, रजेचे पैसे, तिची बाळंतपणं, सगळं त्या कार्डावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला तशी वर्गणीही थांबली, आणि वर्गणी थांबल्यावर ठरलेल्या मुदतीनंतर कार्डाला अर्थ उरत नाही. यात कुणा माणसाचा दोष नव्हता, योजनाच तशी आहे. काम असेल तर विमा, विमा असेल तर औषध. पुढे त्यांनी महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढला आणि शेवटपर्यंत तिथेच दाखवलं. मुंबईने त्यांना वाऱ्यावर सोडलं असं मी म्हणणार नाही. त्याच रुग्णालयांच्या जिवावर मी नर्स झाले. पण कार्ड ट्रंकेत जपून ठेवलेलं होतं. संप मिटला की चालू होईल म्हणून. तो संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही.

आपल्याकडे दुसरा विचार झालाच नव्हता असंही नाही. नाशिकला जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल १९४६ चा, म्हणजे बेव्हनच्या आधी दोन वर्षं. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. आजची प्राथमिक आरोग्य केंद्रं त्याच कल्पनेतून आली. आम्हाला नर्सिंगला भोर समिती पाच मार्कांना असायची, ‘शिफारशी लिहा’. घोकल्या आणि विसरलो. हे वाक्य एखाद्या देशाने खरंच अमलात आणलं तर वॉर्डात काय दिसतं, ते बघायला मला समुद्र ओलांडावा लागला. याचा मला राग आहे, आणि तो कुणावर काढावा ते अजून ठरलेलं नाही.

आता माझ्या वॉर्डातल्या एका गृहस्थांबद्दल. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे हलवलेत. ऐंशीकडे झुकलेले, खिडकीजवळच्या पलंगावर, छाती पिंपासारखी फुगलेली. तारुण्यापासून खाणीत, अंगात धूळ. इथे तसंच म्हणतात, धूळ आहे त्यांना. रात्री दोनच्या ऑब्झर्व्हेशनला मी गेले तेव्हा ऑक्सिजन ९० दाखवत होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी धावले असते. पण यांच्या तक्त्यावर दुसरी पट्टी लावलेली होती, ८८ ते ९२. वर्षानुवर्षं फुप्फुसं खराब झालेल्या अशा माणसाला जास्त ऑक्सिजन दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, माणूस गुंगीत जातो आणि शेवटी श्वासच मंदावतो. म्हणून ऑक्सिजन मोजकाच सोडणारा निळ्या तोंडाचा व्हेंच्युरी मास्क, २४ टक्के, आणि मशिनवरचा आकडा वर चढवायचा मोह आवरायचा. नवीन नर्सला हे फार जड जातं. समोर माणूस धापा टाकतोय आणि आपण नळ उघडायचा नाही. मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले, कारण अशा वेळी दुसरं औषध म्हणजे शेजारी कुणीतरी असणं. शिवाय उभं राहून पाय दुखत होते, तेही खरंच.

कुठली तू, त्यांनी विचारलं. बॉम्बे म्हटलं. ‘कापूस,’ ते म्हणाले. मी चमकले. पूर्वी कुठल्याशा युनियनच्या सभेत त्यांनी आमच्या संपाबद्दल ऐकलं होतं. श्वास पुरेल तेवढं, तीन तीन शब्दांत ते बोलत होते. १९८४ च्या मार्चपासून ८५ च्या मार्चपर्यंत खाण कामगार बाहेर. बायकांनी स्वयंपाकघरं चालवली, दारोदार जाऊन डबे जमवले. मी सांगितलं, आमच्याकडे बायकांनी भांडी विकली आणि निम्मी माणसं गावाला शेतावर गेली. मार्डी गावचे खाण कामगार हरल्यावर बँड वाजवत कामावर परत गेले, ते त्यांनी बघितलेलं. आमच्याकडे बँड वाजला नाही, म्हटलं. ते हसले, आणि हसल्याने खोकला आला, आणि मला उठावं लागलं.

मग मी विचारलं, संपाच्या वर्षी आजारी पडलं तर काय करायचात? त्यांना प्रश्नच समजला नाही. दोनदा सांगावा लागला. आजारी पडलं तर डॉक्टरकडे जायचो, म्हणाले, आणखी काय करणार? घरात भाकरी नव्हती. कोळसा नव्हता, कोळशाच्या खोऱ्यात राहून. पण मुलाला डांग्या खोकला झाला तेव्हा डॉक्टर होता. तो डॉक्टरही बहुधा आपल्याकडचाच. या खोऱ्यांत यायला इथल्या डॉक्टरांची तयारी नसायची. भारत-पाकिस्तानातून आलेल्यांनी ते दवाखाने आयुष्यभर चालवले. जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, हा नियम १९७१ साली ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी लिहिला, तेही इथल्याच एका खाणगावात डॉक्टर होते. आणि सत्तरीच्या दशकात ज्या देशाने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेऊन परीक्षा लावली, त्याच देशाचे असे दवाखाने आपल्या लोकांच्या खांद्यावर चालत होते, हेही जाता जाता सांगून टाकते.

एवढं सगळं सांगितल्यावर वाचणाऱ्याला वाटेल, बाई भारावलेली आहे. तर आता रांगेबद्दल.

इमर्जन्सीत आलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना चार तासांत दाखल करावं, दुसरीकडे हलवावं किंवा घरी सोडावं, हे इथलं लक्ष्य. इंग्लंडला ते २०१५ नंतर गाठता आलेलं नाही, आणि वेल्सची कथा काही वेगळी नाही. हिवाळ्यात रुग्णवाहिका बाहेर उभ्या, आत कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्या. गुडघा बदलायला थांबलेली माणसं थांबता थांबता चालायचीच थांबतात. पैसा इथे पलंगाजवळ दिसत नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. त्याने फक्त वेळेचं रूप घेतलेलं असतं, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो इथेही खासगीत जाऊन वेळ विकत घेतो. रांगेत उभ्या माणसाला समोर मंत्री दिसत नाही, मी दिसते. मुंबईत मी बिलाचा चेहरा होते, इथे रांगेचा. दोन्हीकडे शिव्या खाल्ल्यात. तरी निवड करायची तर मी रांगेच्या शिव्या घेईन. रांगेत पुढे कुणाला घ्यायचं हे निदान त्याच्या आजारावर ठरतं.

आणि डिस्चार्ज! तो इथेही अडतोच. डॉक्टरांनी ‘वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त’ लिहिलेली माणसं आमच्या वॉर्डात आठवडेच्या आठवडे पडून असतात. घरी सकाळ-संध्याकाळ उठवायला, आंघोळ घालायला, चहा द्यायला कुणी नाही म्हणून. इस्पितळ करातून चालतं, पण घरची देखभाल वेगळ्या खात्यात, नगरपालिकांकडे, आणि तिथे माणसाची ऐपत तपासतात. केअर होममध्ये जायचं तर वेल्समध्ये ५० हजार पौंडांच्या वर मालमत्ता असलेल्याला खर्च स्वतः करावा लागतो. इंग्लंडमध्ये ही मर्यादा २३,२५० पौंडांची. माझ्या आईला हे पटतच नाही. ‘पोरं कुठं असतात यांची?’ पोरं असतात. फोन करतात, रविवारी येतात, फुलं आणतात. काही पोरं सत्तरीची असतात. आणि आई, तुझी पोरगी कुठे आहे, हे मी तिला विचारत नाही.

त्यात देखभालीचं काम करायला परदेशातून नवीन माणसं आणण्याचा व्हिसा २२ जुलै २०२५ पासून बंद झाला. एका हाताने दार लावायचं आणि दुसऱ्या हाताने विचारायचं की पलंग रिकामे का होत नाहीत. पाळी बदलतानाच्या आमच्या हँडओव्हरला यावर कुणी काही बोलत नाही. फक्त पेशंटच्या नावापुढे ‘पॅकेजची वाट’, म्हणजे घरच्या देखभालीची सोय होण्याची वाट, असं लिहिलेलं असतं, कालच्यासारखंच.

२०२२ च्या डिसेंबरात इथल्या नर्सांनी संप केला. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग ही नर्सांची युनियन १९१६ सालची. एवढा मोठा संप तिच्या इतिहासात कधी झाला नव्हता. पगाराची मागणी होती, पण वॉर्डात बोलणं व्हायचं ते संख्येचं. रात्री किती जणी, आणि किती पेशंटला. वेल्समध्ये त्यासाठी २०१६ चा खास कायदा आहे, नर्सांची संख्या ठरवणारा. कायदा असला म्हणजे माणूस असतोच असं नाही, एवढं समजायला महाराष्ट्रातून आलेलीला वेळ लागत नाही.

मी येऊन जेमतेम वर्ष झालेलं. घरी फोनवर ‘संप’ हा शब्द उच्चारला आणि आई गप्प झाली. आमच्या घरात तो शब्द मोठ्याने बोलत नाहीत. मग म्हणाली, ‘तू पुढं होऊ नको. व्हिसावर आहेस.’ तिचं चुकत नव्हतं. कायद्याने व्हिसावाल्यांनाही संपात जाता येतं, युनियनने तसं कागदावर दिलं होतं. पण कागद वाचून पोटातला गोळा जात नाही. वॉर्डातल्या आम्ही परदेशी नर्सा एकमेकींना विचारत होतो, आणि प्रत्येक जण दुसरीच्या उत्तराची वाट बघत होती.

माझा निर्णय शेवटी एका पेशंटने केला. हे खाणवाले नव्हते, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले दुसरेच एक, भयंकर चिडके. दोन दिवस आधी औषधं देताना म्हणाले, ‘गुरुवारी बाहेर जाणार ना तू?’ मी म्हटलं, माहीत नाही, तुमच्याकडे कोण बघेल? ‘मी कुठे पळून जातोय? एक दिवस चहा थंड मिळेल. नाहीतरी थंडच असतो.’ त्या दिवशी वॉर्डात रात्रपाळीइतक्या नर्सा ठेवल्या होत्या, तसं आधीच ठरलेलं. मी गेटवर गेले. गाड्या भोंगे वाजवत जात होत्या, कुणीतरी केक आणून दिला, थंडीने पायाची बोटं बधिर. बरोबरच्या पोरी नाचत होत्या. मला नाचता आलं नाही. भोंगे वाजले की मला लालबागची आठवण येत होती, आणि आजीने मोडलेल्या पितळी हंड्यांची. पुढे पगारवाढ मिळाली. महागाईच्या मानाने कमीच.

माझा व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेला आहे. स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी हमी देणारा मालक, सुटला की साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. आरोग्य सेवेतल्या व्हिसावाल्यांना इतरांसारखा आरोग्य अधिभार भरावा लागत नाही, ही सवलत आहे आणि ती चांगली आहे. पण ज्या सेवेचा सगळा अर्थ ‘तुम्ही कामावर असा वा नसा’ हा आहे, ती सेवा पलंगाशेजारी उभं राहून देणारीचं इथलं अस्तित्व मात्र कामावर असण्यावर. बेव्हनच्या देशात मी विम्याच्या कार्डावर राहते. हे माझ्या लक्षात एका दुपारी पगारपत्रक बघताना आलं. मग जेवणाची सुट्टी संपली आणि मी कामाला लागले.

पाच वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, हे गृहीत धरून आम्ही आलो. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने श्वेतपत्रिका काढली, त्यात ही मुदत साधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. सूट कुणाला, जुन्यांना काय लागू, यावर वॉर्डच्या चहाच्या खोलीत रोज नवीन बातमी असते. केरळच्या एका मैत्रिणीने घराचं बोलणं थांबवलं आहे. दुसरी ऑस्ट्रेलियाचे फॉर्म भरते आहे. मी अजून काहीच केलेलं नाही. आळस म्हणा, किंवा आडमुठेपणा.

मध्यंतरी मावसबहिणीचा फोन आला. बीएससी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, साताऱ्यात. तिला इकडे यायचंय. तिला मी जे आहे ते सांगितलं. परदेशातून नर्स घेण्याचं प्रमाण आता घसरलं आहे, इथल्याच नवीन पास झालेल्या पोरींना जागा मिळेनात. ओईटी कर, पण महापालिकेच्या भरतीचा फॉर्मही सोडू नको. एजंटला पैसे देऊ नको, इथे घेताना रुग्णालय उमेदवाराकडून पैसे मागत नाही. बँड फाइव्हचा, म्हणजे नव्या नर्सच्या श्रेणीचा, पगार २०२५ साली वर्षाला ३१ हजार पौंडांच्या आसपास सुरू व्हायचा, त्याला घरभाडं काय खातं तेही आकड्यात लिहून पाठवलं. साडेबारा तासांची पाळी असते, आणि हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘ताई, तिथं युनियन आहे का?’

आहे म्हटलं. वर्गणी किती ते विचारलंन, तेही सांगितलं.